दुपारची टेकडी

कात्री हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण वर्तमानपत्राच्या त्या इमारतीत त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. संध्याकाळच्या अंकाचा तो मुख्य उपसंपादक. बातमीदारानं हातभर लिहून आणलेलं वीतभर करायचं हे त्याचं काम, आणि एकदा हात बसल्यावर तो माणसांनाही तसाच छाटू लागला. त्याच्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणत, पण म्हणताना हसत. पानं छपाईला सोडून झाली की सगळं डेस्क चहाला निघे ते निम्मं चहासाठी आणि निम्मं, कात्री आज कुणाला धरतो ते ऐकायला.

मालकांच्या मुलीनं कारभार हाती घेतल्यापासून तर त्याला विषयांची ददात उरली नव्हती. बाईंचं प्रत्येक भाषण ‘भविष्य’ या शब्दानं सुरू होई, म्हणून त्यानं त्यांना भविष्यताई करून टाकलं, आणि ते नाव तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचायला एक चहा पुरला. भविष्यताईंनी आधी स्टुडिओ काढला. हिरवा पडदा लावला, दिवे आणले, बातमीदारांना तोंडाला पावडर लावून उभं केलं. ते बघायला त्यांच्या घरचेसुद्धा थांबले नाहीत. आता तिथे न खपलेल्या अंकांचे गठ्ठे असतात. मग बोलणारी बातमी आली. तिच्यातलं यंत्र अपघातात गेलेल्यांची बातमी आणि मिक्सरची जाहिरात एकाच उत्साहात वाचायचं. तीही गेली. त्यानंतर आलं ॲप, आणि ॲपबरोबर तिसऱ्या मजल्यावर गोल मऊ गाद्या आल्या. त्यांत एकदा रुतलेल्या प्रौढ माणसाला उठवायला दोघं लागत. जाहिरात विभागातले एक काका तिथूनच थेट निवृत्त होणार, असं कात्री सांगत सुटला होता.

थट्टा थट्टेच्या जागी, पण कात्रीचं म्हणणं खोटं नव्हतं. ॲप खरोखरच कुणी वाचत नव्हतं. डेस्कच्या समोरच्या भिंतीवर मोठा पडदा लावला होता आणि त्यावर वाचकांची हिरवी रेघ दिवसभर तळाशी सरपटत असे. भविष्यताई येता-जाता तिच्यासमोर थांबत. एकदा त्यांनी विचारलं, “दुपारी आपले वाचक असतात तरी कुठे?”

“झोपलेले असतात, मॅडम,” कात्री म्हणाला. “आपलाच अंक तोंडावर घेऊन.”

भविष्यताईसुद्धा हसल्या. पण दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं की प्रत्येक टेबलानं आपापले वाचक आणावेत, आणि ज्यांच्याकडून रेघ हलणार नाही त्यांच्याशी त्या स्वतः बोलतील. स्वतः बोलणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारच्या पुरवणीच्या प्रमुखाशी त्या स्वतः बोलल्या होत्या, आणि आता त्याची खुर्ची ज्याला हवी तो ओढून घेत होता.

त्या दिवशी चहाला उठता उठता कात्रीला युक्ती सुचली. युक्ती कसली, विनोदच तो. “बाईंना पीठ हवंय ना?” तो म्हणाला. “मग टाका दळण!” सगळ्यांनी आपापले फोन टेबलावर ओळीनं ठेवायचे, गिरणीत डबे ठेवतात तसे. पाळीपाळीनं एकानं मागं थांबायचं, प्रत्येक फोनवर प्रत्येक बातमी उघडायची आणि अंगठ्यानं शेवटपर्यंत सरकवत न्यायची. बाकीच्यांनी निवांत चहा प्यायचा.

डेस्कला हे इतकं आवडलं की लोक घरचे जुने फोन आणू लागले. कुणी सासऱ्यांचा, कुणी तडा गेलेला, कुणी मुलीनं टाकून दिलेला. कात्रीनं घरी जेवताना बायकोला हा प्रकार सांगितला तर हसून हसून तिला ठसका लागला, आणि तिनंही स्वतःचा जुना फोन काढून दिला. बघता बघता जाहिरातवाल्यांनी दळण सुरू केलं, हिशेबवाल्यांनी केलं, बाहेरगावच्या शाखांनी केलं. भेटल्यावर लोक ‘काय, कसं काय’ विचारायचे सोडून ‘दळण झालं का’ विचारू लागले; फर्मान टेबलांना होतं, म्हणून तळमजल्यावरच्या छपाईवाल्यांपर्यंत तेवढं ते पोचलं नाही. भिंतीवरची रेघ रोज दुपारी, पानं सुटली की, फुगून वर यायची आणि चहा संपला की खाली बसायची. कात्री तिला टेकडी म्हणे. कुणाशी काही स्वतः बोलायची वेळ भविष्यताईंवर आली नाही, आणि सगळे सुखात होते.

आता कात्रीच्या बायकोचा एक धाकटा भाऊ होता. तो त्याच इमारतीत तळमजल्यावर मशीनवर होता आणि संध्याकाळचा अंक त्याच्याच हातून छापून निघे. कात्रीनंच शब्द टाकून त्याला तिथे चिकटवलं होतं. मेहुणा स्वभावानं मवाळ. वर बसणाऱ्या माणसाला जगातली बातमी आधी कळते, तेव्हा भावोजींना सगळंच आधी कळत असणार, अशी त्याची साधी समजूत होती, आणि खरं सांगायचं तर ती समजूत कात्रीला गोड वाटे. त्याच सुमारास मेहुण्याला खोकी छापणाऱ्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. औषधांची खोकी, साबणाची खोकी, काम भरपूर. तो विचारायला घरी आला.

“काय करू, भावोजी? खाली सगळे म्हणतात, ॲप आलं, आता आपलं काही खरं नाही.”

“अरे, ॲप कसलं घेऊन बसलास!” कात्री म्हणाला. “स्टुडिओ आला तेव्हाही तुम्ही असेच घाबरला होतात. काय आहे आता त्या स्टुडिओत? तूच छापलेली रद्दी. ॲपचं वर काय चाललंय ते मला विचार.”

“म्हणजे नको जाऊ?”

“जन्मभर खोकी छापायचीत का तुला?”

मेहुणा हसला, ताईच्या हातचा चहा प्याला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याला नाही सांगून आला. त्याच दुपारी दळणाची पाळी कात्रीची होती. एका तोंडानं आपण ॲप बुडणार म्हणतो आणि एका अंगठ्यानं त्याला तरंगत ठेवतो, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. पण विनोद आपलाच असला की माणूस त्याच्या पलीकडे बघत नाही.

मग सभा झाली. वरचे लोक खुर्च्यांवर बसले, मशीनवाले हात पुसत मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. भविष्यताईंनी ‘भविष्य’ म्हटलं तेव्हा डेस्कवरच्या दोघीतिघींनी एकमेकींना कोपर मारलं. पडद्यावर टेकडी आली.

“हे बघा,” भविष्यताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आनंदानं कापत होता. “रोज दुपारी, आपला अंक बाजारात जायच्या थोडं आधी, हे लोक ॲपवर येतात. नुसते डोकावून जात नाहीत, एकेक बातमी शेवटपर्यंत वाचतात. कोण आहेत हे? मी खूप विचार केला. हे आपल्या संध्याकाळच्या अंकाचेच वाचक आहेत. त्यांना आता कागदाची वाट बघावीशी वाटत नाही.”

कात्रीनं पाहिलं, समोर दिसत होती ती डेस्कच्या चहाची वेळ होती, त्यांचंच दळण.

पुढचं सगळं भराभर झालं. महिनाअखेर संध्याकाळचा अंक बंद. मशीन विकायचं. वरचं डेस्क जसंच्या तसं ॲपवर जाणार. खालच्यांपैकी काहींची सोय लागेल, जो विभाग जास्त वाचक आणील त्याचा आधी विचार होईल. आणि दुपारच्या ॲपचं प्रमुखपद त्या गृहस्थांकडे, “ज्यांनी माझी सगळ्यात जास्त थट्टा केली आणि सगळ्यात जास्त वाचकही आणले.” भविष्यताईंनी कात्रीकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“कुणाला काही शंका?”

ज्या माणसानं आजवर एक सभा शेरा मारल्याशिवाय जाऊ दिली नव्हती, त्याच्याकडे सगळं डेस्क बघू लागलं. बोलावं तर इतक्या जणांचं पोट, गप्प बसावं तर मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्यांचं. तो गप्प बसला. त्यानं वळून पाहिलं तेव्हा मेहुणा टाळ्या वाजवत होता. भावोजींना बढती मिळाली, म्हणून.

त्या संध्याकाळी मेहुणा घरी आला. कात्रीला वाटलं, आता हा भांडेल, आणि त्याला बरंच वाटलं असतं. पण मेहुणा आपला कपाची कड पुसत बसून राहिला.

“खोक्यांवाल्यांना परत विचारलंस का रे?” बायकोनं विचारलं.

“घेतला त्यांनी दुसरा.” मग ताईचा चेहरा बघून तोच तिची समजूत घालू लागला. “भावोजी तरी काय करणार, ताई? त्यांना काय ठाऊक, मॅडमच्या मनात काय आहे.”

“अहो, तुम्ही आता तिथे मोठे झालात ना?” बायको कात्रीला म्हणाली. “मग शब्द टाका की त्याच्यासाठी.”

“बघतो,” कात्री म्हणाला. टेकडीचं पीठ कुठल्या गिरणीतलं ते तिला ठाऊक होतं, पण त्या टेकडीखालीच तिचा भाऊ गाडला गेलाय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं तर त्यानंच सांगायचं होतं. मेहुण्यानं जाताना नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला तेव्हा कात्रीनं पाय मागं घेतले.

दोन-चार दिवस तो असाच फिरला. डेस्कवर कुणी विनोद केला की त्याला राग येई. आपल्याला वाईट वाटतंय याचाही त्याला राग येई, कारण नुसतं वाईट वाटून घेणं फुकट असतं आणि त्यानं मेहुण्याच्या घरची चूल पेटत नाही. शेवटी एका सकाळी तो भविष्यताईंच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगून टाकलं. फोनची ओळ, पाळ्या, चहा, शाखा. कल्पना कुणाची, तेही.

भविष्यताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “मशीनवर तुमचे कुणीतरी आहेत ना?”

“मेहुणा आहे.”

“हं.” त्यांच्या आवाजात तिरकेपणा नव्हता, उलट त्यांना त्याची कीव आल्यासारखी वाटली. “समजू शकते मी. पण तुम्ही पहिल्या दिवसापासून म्हणताय की ॲप कुणी वाचत नाही. आता लोक वाचायला लागले तर तेही खोटं? माझं काहीच खरं नसतं का हो तुमच्या लेखी?”

इतके दिवस चहाच्या टेबलाशी जे बोललो त्याचं हे व्याज आपल्याला मिळतंय, हे कात्रीला कळलं.

“उद्या दळण बंद ठेवतो,” तो म्हणाला. “सगळीकडे. तुम्ही स्वतः बघा. टेकडी दिसली तर मी खोटा.”

“मशीन घेणारे उद्या संध्याकाळी येताहेत,” भविष्यताई म्हणाल्या. “दुपारी मी डेस्कवर येते. रेघ पडलेली राहिली तर मी त्यांना परत पाठवीन. बाबांना काय सांगायचं ते माझं मी बघेन.” बाई वाटल्या होत्या त्यापेक्षा सरळ होत्या, आणि हे आपल्याला इतक्या उशिरा कळावं याचीही कात्रीला लाज वाटली.

डेस्कला पटवणं सोपं गेलं नाही. पानं लावणारी बाई तर सरळ म्हणाली, “तुझा मेहुणा वाचेल, आणि आम्ही? उद्या बाई म्हणतील, फसवलंत, चला निघा.” कात्रीनं सांगितलं, की माझं नाव मी दिलंय, तुमचं कुणाचंच दिलेलं नाही, एक दुपार मला द्या. त्याला असं हात जोडून बोलताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. लोक वरमले. त्यानं जाहिरातवाल्यांना गाठलं, हिशेबवाल्यांना गाठलं, एकेका शाखेला स्वतः फोन करून विनवलं. खाली मशीनवर मात्र तो गेला नाही. खाली कुणी दळण करतच नव्हतं. आणि मेहुण्यासमोर उभं राहायचं त्याला धाडस नव्हतं, हेही एक.

दुसऱ्या दिवशी पानं सुटली. फोन खणांत गेले. चहाला कुणी उठलं नाही. भविष्यताई आल्या आणि पडद्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या. तळमजल्यावर मशीन सुरू झालं, त्याची थरथर नेहमीसारखी जमिनीतून पायांना जाणवू लागली. रेघ तळाशी पडून होती. टेकडीची वेळ झाली, तरी रेघ पडूनच. चहाची वेळ सरत आली. भविष्यताईंच्या कपाळावर आठी पडली, आणि कात्रीला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की त्याला त्यांची क्षमा मागावीशी वाटली. पण आतून त्याचा जीव हलका होत होता. वाचला, तो मनात म्हणत होता, वाचला आमचा माणूस.

खालची थरथर थांबली. अंक छापून झाला होता.

आणि थोड्याच वेळात रेघ हलली. आधी थोडी, मग सरळ उभी चढली. नेहमीच्या टेकडीच्या वर गेली आणि तरी चढत राहिली. डेस्कवर सगळे एकमेकांच्या हातांकडे बघू लागले. हात रिकामे होते.

“आज जरा उशिरा आले,” भविष्यताई हळूच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “पण आले बघा.” त्या उठल्या, कात्रीच्या खांद्यावर त्यांनी क्षणभर हात ठेवला. “मेहुण्यांचं काही बघता आलं तर बघेन मी. पण हा विषय आता संपला.” त्या गेल्या.

पायाखालची थरथर थांबल्यावरच रेघ चढली, हे कात्रीच्या ध्यानात आलं. तो जिन्याकडे धावला.

मशीन बंद होतं. बाजूला कागदाचे भले मोठे रोल आडवे ठेवले होते आणि त्यांच्यावर, सुतळीवर, गठ्ठ्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे फोनच फोन ठेवले होते. मशीनवाल्यांचे, गठ्ठे बांधणाऱ्यांचे, गाडीवाल्यांचे, अंक न्यायला आलेल्या विक्रेत्यांचे. माणसं वाकून वाकून अंगठे फिरवत होती. मध्यभागी मेहुणा उभा होता, दोन्ही हातांत एकेक फोन घेऊन.

“भावोजी!” त्याचा चेहरा कधी नव्हे इतका फुलला होता. “बरं झालं आलात. वर हलला का आकडा?”

“हलला,” कात्री म्हणाला.

“बघा, म्हटलं नव्हतं?” मेहुणा इतरांकडे वळला. मग पुन्हा कात्रीला, “ताईनं सांगितलं हो. तुम्ही वर कसं करता ते. म्हणाली, मॅडमनी सांगितलंय ना, वाचक आणतील त्यांची सोय होईल, मग तुम्हीही करा की! काल दिवसभर या सगळ्यांना गोळा केलं. छपाई उरकेपर्यंत थांबावं लागलं तेवढंच.” त्यानं एक फोन पुढं केला. “धरा. हात कमी पडताहेत.”

“थांबवा,” कात्री म्हणाला.

“आता? आत्ता कुठं लागलंय!”

“अरे, थांबवा ते!” त्याचा आवाज त्या उंच छपराखाली फुटला. अंगठे थांबले. आणि मग, ज्या तोंडानं जन्मभर दुसऱ्यांचं छाटलं त्या तोंडानं त्यानं एक शब्दही न छाटता सांगितलं. सभेत बाईंनी दाखवली ती टेकडी वाचकांची नव्हती, आमच्याच फोनांची होती. तिच्यावरूनच मशीन बंद होतंय. आज ती दिसली नसती तर मशीन राहिलं असतं. बाई आत्ताच बघून गेल्या.

एका विक्रेत्यानं आपला फोन उचलून खिशात टाकला आणि गठ्ठा डोक्यावर घेऊन तो चालू लागला.

“वर चल,” कात्री मेहुण्याला म्हणाला. “चला सगळे. हे फोन त्यांना दाखवू.”

“काय दाखवायचं?” वयानं मोठा असलेला एक मशीनवाला म्हणाला. “आम्हीही फसवत होतो, हे? हातात जे काही पडणार आहे तेही जाईल मग.” तो गठ्ठे बांधायला वळला.

मेहुणा अजून दोन्ही फोन धरून उभा होता. “मग आम्ही इतका वेळ काय करत होतो, भावोजी?”

“मी करत होतो तेच.”

मेहुण्यानं मान हलवली. तो रागावला असता, त्यानं गचांडी धरली असती, तर कात्रीनं ते सोसलं असतं. पण मेहुणा रोलपाशी गेला आणि एकेक फोन उचलून, काचेवर लागलेली शाई सदऱ्याच्या टोकानं पुसून, ज्याचा त्याला देऊ लागला. सगळे देऊन झाल्यावर ताईनं सकाळी दिलेला तिचा रोजचा फोन तेवढा उरला. तो त्यानं कात्रीच्या हातात ठेवला.

“ताईला तुम्हीच सांगा,” तो म्हणाला. “तिनं मला शिकवलं म्हणून हे झालं, हे माझ्याच्यानं नाही सांगवणार तिला.”